सातव्या कथेवरचा अभिप्राय

आमच्या क्लबच्या कथास्पर्धेचा नियम जुना. कथेवर लेखकाचं नाव नसतं. नाव-पत्ता सोबतच्या बंद पाकिटात. पहिल्या आलेल्या कथेचं तेवढं पाकीट फोडायचं, बाकीची न फोडता, कथेसकट शेगडीत. यंदाचा विषय मीच सुचवला होता, काळप्रवास. मोंतेविदेओच्या एका वर्तमानपत्रात मी वीस वर्षं असल्या विज्ञानकथांची परीक्षणं लिहीत आलोय. लष्कराचं राज्य आल्यापासून भविष्याबद्दल लिहायची सोय उरली नव्हती. म्हटलं, लोकांना भूतकाळात तरी जाऊ द्यावं.

सातवी कथा वाचताना माझा माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, तसाच निवून गेला. एक आई मुलाची बस चुकावी म्हणून पुन्हापुन्हा त्याच मंगळवारी परत जाते. मुलगा दर वेळी दुसऱ्या वाटेनं जातोच. शेवटी ती नुसता त्याचा सदरा इस्त्री करायला जाते. प्रत्येक फेरीनंतर तिच्या पोटात ढवळतं आणि ती कोरडं बिस्किट खाते.

ते बिस्किट माझं होतं. "तुझे प्रवासी शतकं ओलांडतात, आणि एकालाही साधी मळमळ होत नाही? बिस्किट तरी दे बिचाऱ्यांना!" असं मी माझ्या शनिवारच्या लेखनवर्गात एकाच मुलीला चिडवलं होतं. सुल्मा फेरेइरा. पत्रकं वाटली म्हणून मार्चपासून लष्कर तिच्या मागावर होतं, ती कुठेतरी दडून होती. आणि या वेडीनं कथा पाठवली होती, नियमाप्रमाणे पत्त्यासकट! राग आणि अभिमान, दोन्हींनी मला रडू फुटायचं बाकी होतं.

परीक्षक तिघं: मी, क्लबच्या ग्रंथपाल दोन्या नेलिदा, आणि सरकारनं बसवलेला कमांडर लारोसा.

"सातवीच पहिली," लारोसा म्हणाला. "माझी आई असाच सदरा इस्त्री करायची. फोडा पाकीट."

"थांबा," मी म्हणालो. "कथेत मुळातच खोट आहे. मुलगा वाचला, तर आईला परत जायचं कारणच उरत नाही."

"पण तो वाचतच नाही, प्रोफेसर. नीट वाचलीत ना?"

माणूस मूर्ख नव्हता, हीच पंचाईत होती.

"तिसऱ्या कथेत माणूस स्वतःच्याच लग्नात वाढपी होतो," तो पुढे म्हणाला, "ते तुम्हाला चाललं. सातवीचा लेखक ओळखीचा आहे की काय?"

"ओळखीचा असता तर पहिला नंबर दिला असता. वशिला असाच लावतात ना?"

तो हसला. पाकिटावरचा हात मात्र त्यानं काढला नाही.

आता सगळं दोन्या नेलिदांच्या मतावर होतं. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

"एवारिस्तो, मला तर फार लागली हो ती."

"तुम्हाला काय, साबणाची जाहिरात ऐकूनही रडू येतं! रडकथा आहे नुसती."

तीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझा पाय थरथरत होता आणि त्यानं टेबल हलत होतं. त्यांनी तळहातानं टेबल घट्ट दाबून धरलं.

"माझं मत तिसरीला," त्या म्हणाल्या.

लारोसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "ठीक. पण एवढी चांगली कथा पाडलीत, तर कारण निकालपत्रात लिहा. सहीनिशी. गुरुवारी छापून येऊ दे."

मी लिहिलं, 'सातवी कथा, सदरा इस्त्री करणाऱ्या आईची, सदोष आहे.'

"एवढंच? मघाशी तर फार तावातावानं बोलत होतात."

हात आखडता घेतला असता, तर पाकीट फुटलंच असतं. मी खाली लिहिलं, 'या लेखकाच्या अंगी काही नाही. त्यानं पुन्हा लेखणी हाती धरू नये.' आणि सही ठोकली.

दोन्या नेलिदांनी पाकीट शेगडीत टाकलं, कथाही टाकली. पूर्ण राख होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

गुरुवारी ते छापून आलं. सुल्मा कुठे लपली आहे हे मला ठाऊक नव्हतं, खरं काय ते कळवायला माझ्याकडे वाट नव्हती. पण ते वर्तमानपत्र ती जिथे असेल तिथे वाचणार होती. वर्गात मी एक ओळ खोड म्हटलं, की ती अख्खं पान फाडायची. माझा शब्द तिनं आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.