कोरड्या विहिरीची ओटी

धोंडाकाकूंची विहीर आण्याच्या पठारावर सगळ्यात खोल होती आणि तिला कधीच पाणी लागलं नाही. साठ फूट सरळ कातळ. काकूंचे यजमान सावळेराम यांनी दर उन्हाळ्यात दगड वर ओढायची यारी लावून ती थोडी थोडी खाली नेली. पाण्याआधी तेच गेले. गावात तिला कुणी विहीर म्हणत नसे, खड्डाच म्हणत.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी घरी बसले होते. वर्गातल्या मुलींची लग्नं झाली, मुलं पुण्याला गेली. सकाळी दोन-तीन पोरांची गणिताची शिकवणी घ्यायची, आणि मग दिवसभर बोलायला कुणी नाही. म्हणून मी त्या विहिरीवर जायचे आणि आत खोकी सोडून बघायचे. साठ फूट पडायला जेमतेम दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ पडणाऱ्या खोक्याच्या आत वजन नसतं. अवकाशयानात माणसं तरंगतात ती पृथ्वीची ओढ संपते म्हणून नाही, तिथेही ती जवळजवळ इथल्याइतकीच असते. यान आणि माणसं एकत्र पडत असतात, एवढंच. मग इथेही पडायला जागा पाहिजे, बस. ती आमच्या गावात होती.

एका दुपारी मी तळाशी भोक पाडलेली पाण्याची बाटली घेऊन काठावर उभी होते. काकू शेळी बांधून माझ्याजवळ आल्या.

"हर्षे, ह्या खड्ड्यात आमी इतकं घातलं, आता तू पाणी बी घालती व्हय?"

"बघा तर काकू. धारेकडे बघा."

बाटली हातात होती तोवर धार चालू होती. मी हात सोडला. बाटली खाली गेली, पण धार तिथल्या तिथे थांबली. खालून फट्‌कन आवाज आला.

"आं? धार कुटं गेली?"

"बाटली मी धरली होती तेव्हा पाणी तिच्या तळावर दाबत होतं, म्हणून भोकातून येत होतं. सोडल्यावर दोघंही सारखीच पडायला लागली. कुणाचा भार कुणावर नाही. मग पाणी बाहेर कशाला येईल?"

"म्हंजी बाटलीनं पाणी धरल्यालं न्हाई?"

"नाही. पाणी आपलं आपण पडतं. बाटली फक्त बरोबर असते."

काकूंनी काठावरून वाकून खाली पाहिलं. मग त्यांनी सांगितलं की परवा गेणू येणार. गेणू त्यांचा मुलगा, भोसरीला कंपनीत होता. जेसीबी आणून विहीर बुजवायची आणि काकूंना कायमचं भोसरीला न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. दोन वर्षं त्या नको म्हणत होत्या.

"मला जायाचं न्हाई असं न्हाई गं. हितं भिताडाशी बोलती मी. पर हिला अशी टाकून कशी जाऊ?"

आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की घरच्या सवाशिणीनं यारीच्या पाळण्यात बसून तळाशी जायचं आणि विहिरीची ओटी भरायची. काकूंनी त्यासाठी घेतलेला हिरवा खण पंचवीस वर्षं पेटीत पडून होता. पाणी लागलं नाही, आणि आता त्या सवाशीण राहिल्या नव्हत्या. सुनेला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, कोरड्या खड्ड्याची कसली ओटी. गावातल्या दोघी-तिघी हसल्या.

"लेकीगत वाढवली ह्यांनी. रिकाम्या ओटीनं पुरायची का तिला?"

"तुम्हीच भरा ना. कोण बघतंय?"

"मी बघती की," काकू म्हणाल्या. "माज्या हातानं न्हाई चालायचं."

"मग मी भरते."

"बिनलग्नाची तू. गप बस."

शेळी दोर ओढत होती. मग काकूंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हर्षे, त्या बाटलीगत ओटीचं तांदूळ सोडलं, तर मदी ते कुणाच्या हातात असत्यात?"

"कुणाच्याच नाही."

"डब्याच्या बी न्हाई?"

"नाही."

"नक्की? का म्हातारीला बरं वाटावं म्हणून?"

"नक्की. हवं तर दाखवते."

दाखवायचं म्हणजे कॅमेरा हवा. माझा आतेभाऊ भगवंत लग्नाचं शूटिंग करायचा. हँडीकॅम विहिरीत टाकायचाय म्हटल्यावर त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तुला डॉक्टरला दाखवू का आदी?"

"खाली बाजरीचं वाळलं सरमाड टाकते छातीएवढं. गोधडीत गुंडाळते."

"फुटला तर माजं दुकान तूच चालव मग, राव."

तरी तो दुसऱ्या दिवशी आला. बाजरीचं सरमाड आम्ही वरूनच पेंढ्या-पेंढ्यांनी आत टाकलं. टोमॅटोच्या क्रेटला चारी बाजूंनी पोतं शिवलं आणि तळाशी धोंडे भरले.

"जड केल्यावर जोरात पडंल की गं!" भगवंत ओरडला.

"ओढीनं नाही, ती जड-हलकं सारखंच पाडते. पण हलक्या क्रेटला हवा जास्त अडवते, आणि अडवलं की आतलं परत तळावर बसतं."

धोंड्यांवर हँडीकॅम, समोर प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी, बाजूला टॉर्च. बरणी काकूंनी घरून भरून आणली होती. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी, चिमूटभर कुंकू, आणि वर घडी केलेला हिरवा खण. क्रेट कप्पीवरून लोंबकळत होता. दोराचं टोक मी काकूंपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"तू सोड. मी नुसती हुबी ऱ्हाती."

मी दोर मोकळा सोडला. कप्पी किंचाळली. मग खालून एक जाड, दबका आवाज आला आणि भुसाचा ढग वर आला.

भगवंतनं क्रेट ओढून काढला. कॅमेरा चालू होता. बरणीचं झाकण उडालं होतं आणि पोतं एका बाजूनं उसवलं होतं. बरणीत काहीच उरलं नव्हतं. चारदोन तांदूळ धोंड्यांत अडकले होते, बाकी सगळं खाली सरमाडात.

छोट्या पडद्यावर आम्ही तिघं वाकलो. आधी बरणी स्थिर, तांदळावर खण. मग एकदम तांदळाचा थर सैल झाला. दाणे वर उठले, घाईनं नाही, सावकाश, एकमेकांपासून दूर होत. खोबऱ्याची वाटी कलली आणि तशीच कललेली राहिली. खणाची घडी आपोआप उघडत गेली. कुंकू मधोमध उभं होतं, ना वर ना खाली. शेवटी सगळं किंचित खाली झुकायला लागलं होतं, हवा आडवी येत होती, आणि तेवढ्यात पडदा हलून कुंकवानं लाल झाला.

"परत लाव," काकू म्हणाल्या.

भगवंतनं परत लावलं. काकूंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. तांदूळ उठले तेव्हा त्यांनी हात जोडले, आणि पडदा लाल झाल्यावरही ते जोडलेलेच होते.

"कुणी धरल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

भगवंतला संध्याकाळी राजुरीत हळदीचं शूटिंग होतं. तीच कॅसेट वापरावी लागेल, दुसरी नाही, असं तो म्हणाला. मी एकदा एकटीनं पाहून घेतलं आणि त्याला दिली.

सकाळी जेसीबी आला. विहीर भरायला दुपार झाली. गेणूदादा मला म्हणाला, "तू काय सांगितलं गं आईला? दोन वरसं ऐकत नव्हती. काल फोनवर म्हणती, भांडी बांधून ठेवली." मी म्हटलं, काही नाही, वजनाबद्दल बोलत होतो. तो हसला आणि माती दाबायला सांगायला गेला.

शेळी काकूंनी आमच्या गोठ्यात बांधली. टेम्पोत पुढे बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"भोसरीला येत जा. गेणूच्या घराला जिना हाय उंच, तिथनं पाड तुजी खोकी."

"जिना पुरायचा नाही काकू."

"मग हितंच दुसरी बघ. पर कोरडीच बघ हां, पाण्याच्यात बाया तुला हाणतील."

मी बघते म्हणाले. तोवर टेम्पो सुरू झाला होता, त्यांना ऐकू गेलं नसावं.