राकियातलं मूळ

गवतकापणीच्या सकाळी मिलुंका पाव आणि चीज घेऊन कुरणात पोचली, तेव्हा मूळ बुडवलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली नुकतीच फिरायला लागली होती. तिचा धाकटा दीर वुकोता तोऱ्यात उभा होता.

"वहिनी, तुझी लिंचुरा सहा वर्षं झाली तरी पाळण्यातच! मी बघ, एका दुपारात खणून आणली."

कापणारे हसले. मिलुंकाला हे टोमणे नवे नव्हते. सगळं गाव नुसते बटाटे लावायचं, ती मात्र बटाटे आणि राय, कुट्टू या धान्यांच्या पट्ट्यांमधे लिंचुरा ही औषधी वनस्पती वाढवत होती. पोटाच्या दुखण्यावर तिचं कडू मूळ सगळ्यांना हवं, पण ओरबाडून ओरबाडून डोंगरावर ती जवळजवळ संपली होती. मग याला कुठं सापडली?

तिनं बाटली उन्हात धरली. लिंचुरेचं मूळ लांब, जाड, आतून पिवळं. हे आखूड होतं, पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका असलेलं. तिनं एक थेंब जिभेला लावला आणि थुंकला. जिभेचं टोक बधिर झालं.

"टाका ते! चेमेरिका आहे ही, विष आहे!"

"मी दोन घोट घेतले की," सासरे रादोसाव म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसत खालीच बसले.

वुकोतानं गाडी काढली. घाटाच्या पहिल्या वळणावर म्हाताऱ्याला उलटी झाली. मिलुंकानं त्यांचं मनगट धरलं होतं. ती ठोके मोजत होती. मिनिटाला चाळीस.

"पानं तर तश्शीच होती गं!" वुकोता रडवेला झाला होता.

"लिंचुरेची देठावर समोरासमोर असतात. ही तशी होती, की एकाआड एक?"

त्यानं पुढचं वळण घेतलं. "एकाआड एक."

आरोग्य केंद्रात तिनं डॉक्टरीणबाईंपुढे बाटली ठेवली आणि मुळाचं नाव सांगितलं. विष कुठलं याच्या शोधाशोधीत वेळ गेला नाही. इंजेक्शन दिल्यावर तासाभरानं ठोके साठवर आले. रादोसावनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "गवत वाळतंय का तिकडं?"

मिलुंका वुकोताला बाहेर घेऊन आली. "भावोजी, बाकीची मुळं कुठायत?"

"काल एक पोतं व्यापाऱ्याला दिलं."

"फोन लावा."

"वहिनी, जंगलातली लिंचुरा खणायला बंदी आहे. चौकशी होईल. नाव खराब होईल माझं."

"तुमचे वडील आत झोपलेत, त्यांना विचारून येऊ?"

त्यानं नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. चौथ्या घंटेला व्यापाऱ्यानं फोन उचलला.

"ते पोतं उघडू नका," वुकोता म्हणाला. "लिंचुरा नाही ती. चूक माझी आहे."

पोतं अजून बांधलेलंच होतं. व्यापारी मग बराच वेळ आईबापांवरून शिव्या घालत राहिला. वुकोतानं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला नाही. मग तो आत जाऊन बापाच्या खाटेशी बसला.

मिलुंका पायरीवर टेकली. गवताचं काय झालं ते विचारायला तिनं कुरणातल्या लोकांना फोन लावला.