नावाखालचा नंबर

मी एक बायोडेटा बोलतोय. पानं दोनच, पण त्यांत एका माणसाची सतरा वर्षं कोंबली आहेत. थोडी दाटीवाटी वाटेल, सांभाळून घ्या.

माझा मालक सॉफ्टवेअरवाला. बढतीच्या वेळी कधीतरी त्याने मला लिहिलं आणि एका फोल्डरात टाकून दिलं. नोकरी पक्की, मग मला कोण विचारतो? आठ वर्षं मी तिथेच पडून होतो. मग एका सोमवारी कंपनीने त्याच्यासकट चाळीस जणांना नारळ दिला. लॅपटॉप, ओळखपत्र आणि कंपनीचा मोबाइल परत करून तो घरी आला. त्याने नवा मोबाइल घेतला आणि मला उघडलं.

पुढे माझे जे हाल झाले ते विचारू नका. रोज नवी जाहिरात, रोज माझी काटछाट. म्हणे, मला आधी यंत्र वाचतं आणि माणूस नंतर. म्हणून जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे माझ्यात पेरले. वय कळू नये म्हणून पदवीचं साल उडवलं. नुकताच केलेला कोर्स सगळ्यांत वर आणला. एकेका शब्दावर तो तास तास घालवायचा.

त्याचा जुना टीम लीड त्याचा मित्रच. त्याने मला स्वतःच्या कंपनीत नेऊन दिलं. ‘‘मी शब्द टाकलाय. फोन येईल, बघच तू,’’ तो म्हणाला.

मालक फोनला जिवापाड जपू लागला. अंघोळीला जातानाही बायकोच्या हातात देऊन जाई. महिना गेला. मेलवर नकार येत राहिले, फोन काही वाजला नाही.

‘‘कसला शब्द टाकतोय! तोंडावर सगळे गोड बोलतात,’’ तो एकदा बायकोवरच खेकसला. त्यानंतर त्याने त्या मित्राचे फोन घेणं बंद केलं. मला फार वाईट वाटलं, कारण चूक मित्राची नव्हती.

काल बायकोने एका ओळखीच्या बाईंना द्यायला माझी छापील प्रत काढली. तिने मला वरपासून वाचलं. इतक्या दिवसांत तसं कुणीच वाचलं नव्हतं.

‘‘अहो, हा नंबर तुमचा कुठंय? हा तर कंपनीचा!’’

मालक खुर्चीत बसला. त्याने तोच नंबर लावला. पलीकडे कुणी नवी मुलगी होती.

‘‘हो सर, तुमच्यासाठी चार-पाच फोन आले होते. एका मॅडमनी तर तीनदा केला. मी सांगितलं, ते आता इथे नसतात.’’

तिच्याकडून नंबर घेऊन मालकाने फोन केला, तर त्या मॅडम मित्राच्याच कंपनीतल्या निघाल्या. ती जागा गेल्या आठवड्यात भरली.

मग त्याने मित्राला फोन लावला. ‘‘चुकलो रे,’’ एवढंच म्हणाला.

मला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंबर माझ्याच कपाळावर होता, पण मला सांगता कुठे येतं?

आज त्याने तो खोडला. नवा नंबर एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहिला आणि बायकोकडून दोनदा तपासून घेतला. आता मी पुन्हा निघालोय. तुमच्या टेबलावर आलो, तर माझे भारी भारी शब्द वाचू नका हवं तर. नावाखालचा नंबर तेवढा लावा. आता तो उचलेल.