काठावरचा माणूस

नदीवर टांगलेल्या खांबांमधून होडी वळवत न्यायच्या स्लॅलमच्या शर्यतीत प्रतीक्षाची होडी उलटली, त्यात विशेष काही नव्हतं. कमरेचा हिसका देऊन ती दोन सेकंदांत सरळ करायची, हे ती वर्षभर इंद्रायणीत घोटत आली होती. पण तिचे आप्पा शर्यत पहिल्यांदाच बघत होते. भाजे गावच्या धबधब्याखालून दर पावसाळ्यात बुडते पर्यटक ओढून काढणारा माणूस तो. पालथी होडी दिसताच त्यांनी कपड्यांसकट उडी टाकली आणि पोरीला बखोटीला धरून काठावर आणलं.

पंच धावत आले. "कोण हा तुझा? घरच्यानं मदत केली असेल तर तू बाद. परका मधे आला असेल तर पुन्हा संधी मिळेल."

"मी नाही ओळखत यांना," प्रतीक्षा म्हणाली. भर गर्दीत, बापाच्या तोंडावर. जीभ झडली नाही तिची.

आप्पा पंचांपुढे हात जोडून म्हणाले, "चुकलं सायेब. पोर बुडतीया वाटलं."

नव्यानं मिळालेल्या फेरीत होडी त्याच खांबांपाशी पुन्हा उलटली. या खेपेला काठावरून कुणीच उडी टाकली नाही. ती एकटीच सरळ झाली आणि तरीही तिसरी आली.

टाळ्यांच्या गजरात तिची नजर आप्पांना शोधत होती. ते दिसले, आणि तिची मान खाली गेली. निथळत्या कपड्यांत कुडकुडत, पंचांना ऐकू जाईल अशा बेतानं, ते शेजारच्याला विचारत होते, "लय झाक चालवली होडी! कुनाची वो ही पोरगी?"