विलासने दाखवलेला नैवेद्य

माझी नातसून स्नेहा नाशिकची. तिच्या वडिलांनी यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन करवून घेतली आणि लेकीच्या बॅगेत एक बाटली घालून दिली. आमचं उज्जैन पडलं पवित्र शहर, इथली दारूची दुकानं बंद. म्हणजे गावात आता सगळे फक्त ताकच पितात, असं माझा मुलगा विलास मानतो. बँकेतून रिटायर झालेला माणूस, कागदावर असेल तेच खरं.

गर्मी अशी, की टावर चौकात एका भैयाच्या हातातली कुल्फी वितळायचं सोडून थेट वाफ होऊन उडाली. मी स्वतः बघितली. तर स्नेहाने काचेच्या जगमध्ये वाइन ओतली, संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाचे तुकडे, लिंबू, पुदिना घातला आणि जग फ्रिजमध्ये ठेवला. "आजी, प्यायच्या वेळी वरून सोडा अन् बर्फ. बस!"

तेवढ्यात विलास पूजेसाठी दूध घ्यायला आला. "हे काय आहे?"

पोरगी खरं बोलली. नवीन आहे, शिकेल.

"माझ्या घरात दारू? आत्ताच्या आत्ता मोरीत ओततो!"

"बाबा, वडिलांची पहिली बाटली आहे हो..." स्नेहाचे डोळे भरले.

"ओत की," मी म्हटलं, "पण तू सोवळ्यात आहेस. शिवलास तर परत अंघोळ. अन् नळ गेलेत."

थबकला. "पूजा उरकून ओततो."

उरकू दे! तिकडे सून मंगला चैत्रगौरीच्या नैवेद्याची तयारी करत होती. कैरीची डाळ झालेली, पन्हं व्हायचं होतं. "तू कशाला खपतेस? फळांचं सरबत तयार आहे की," म्हणत मी जगमधलं चांदीच्या वाटीत भरलं, वर सोडा. मंगलाने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप नेऊन ठेवली. सून मी उगीच नाही निवडली.

विलास पूजेला एकदा डोळे मिटतो ते मिटतोच. समोर काय ठेवलंय ते गौरीनेच बघावं. धूप असा, की अग्निशमनवाले यावेत. त्याने वाटीभोवती पाणी फिरवलं, 'प्राणाय स्वाहा' खणखणीत म्हटलं, आरती केली, मग डोळे उघडले.

"आई! पन्ह्यात संत्रं का तरंगतंय?"

"ते पन्हं नाही, स्नेहाचं सरबत. तूच गौरीला दाखवलंस. आता प्रसाद झाला. जा, ओत मोरीत."

स्नेहा दारात जग छातीशी धरून उभी. विलासने मोरीकडे बघितलं, गौरीकडे बघितलं.

"तुझ्या आजोबांच्या चुलत्यांनी ओतला होता असाच प्रसाद," मी सुरू केलं. "सकाळी उजवी मिशी गळून उशीवर. पुढे जन्मभर फोटो डावीकडूनच काढायचे."

"काहीही हं, आई!" म्हणाला, पण हात मिशीकडे गेला.

मग तीर्थासारखं तळहातावर घेऊन प्यायला. परत हात पुढे केला. तिसऱ्यांदा वाटीच उचलली.

"स्नेहा, वडिलांना फोन लाव."

पोरीचा चेहराच उतरला.

"व्याहीबुवा, प्रसाद पोचला बरं का! तुमच्या बागेला पाणी कुठलं हो?" विलास सुरू झाला तो माती, छाटणी, खत... थांबेचना. 'दारू' हा शब्द तोंडातून निघाला असेल तर शपथ.

"यांचं काही आटपत नाही," मंगला म्हणाली. "आण गं स्नेहा तो जग इकडे. बर्फ मी काढते."