दाव्यासकट

“आत कोणाला काय म्हायीत नाय, काका,” गेटवरच्या जुल्फिकारने फोन खाली ठेवला. “बागेत नवा माणूस येणार असं कोण बोललंच नाय. तुम्हाला नक्की हीच कंपनी सांगितली?”

चांगूने फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. “विपुल साहेब हितंच हायत ना? लंगडणारे?”

“लंगडणारे?” जुल्फिकार हसला. “आमचे साहेब तर कामगारांच्या मागं धावतात.”

“मंग पाय बरा झाला म्हणायचा,” चांगू म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी विपुल साहेब मित्रांबरोबर उमरठच्या वरच्या डोंगरात हिंडायला आले होते आणि उतारावर पाय मुरगळून बसले होते. चांगूने त्यांना आधार देत आपल्या वाडीत आणलं, हळद-मीठ गरम करून पायाला बांधलं, मोगरीचं दूध प्यायला दिलं. मोगरी म्हणजे त्याची म्हैस. ओटीवर बसल्या बसल्या साहेबांनी अंगणातल्या गोंड्याच्या आणि अबोलीच्या ओळी पाहिल्या.

“आमच्या कंपनीच्या बागेला असाच माणूस हवाय,” ते म्हणाले. “पहिल्या तारखेला महाडला या, काका. नोकरी तुमची. फक्त बूट घालून या, आत चप्पल चालत नाही. दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये, सगळ्यांबरोबर.”

चांगूच्या वाडीत ओटीवर बसून, घरचं दूध पिऊन माणूस जे बोलतो ते पुन्हा विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचा अपमान होतो. सोयरिकी अशाच जुळल्या होत्या, बांधांचे तंटे असेच मिटले होते. म्हणून चांगूने नंतर फोन केला नाही. साहेबांचा नंबर मोबाइलमध्ये होता. एकदा-दोनदा तो काढून त्याने नुसता पाहिला, एवढंच.

पगार किती हे विचारायचंही राहून गेलं. ‘सगळ्यांबरोबर’ हे मात्र त्याच्या मनात घर करून बसलं होतं. बायको, संजीवनी, गेली त्याला काही वर्षं झाली. मुलगी नूतन मुंबईला दिलेली. वाडीतली निम्मी घरं बंद, कुलपं गंजलेली. चांगू भाकरी घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचा आणि मोगरीशी बोलत जेवायचा. ती कान हलवायची.

विपुल साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात हेल्मेट होतं. चांगूला ओळखायला त्यांना जरासा वेळ लागला. मग ते एकदम म्हणाले, “अरे, काका! तुम्ही? आज?”

“पयली तारीख ना, साहेब. बूट घातलेत.” चांगूने पाय पुढे केला. बूट जावयाचे होते, टाचेला करकचून बसत होते.

साहेब बुटांकडे पाहत राहिले. “काका, मी बोललो होतो खरं. मनापासून बोललो होतो. पण जागा मंजूर व्हायला हवी ना. मी मुंबईच्या ऑफिसला कळवलं. ते म्हणतात, नवीन माणूस नको, बाग ठेकेदाराकडे देऊ. अजून नक्की काहीच नाही.”

“मंग उद्या येऊ?”

“उद्या नाही हो. मी फोन करीन. पावसाळ्यानंतर कदाचित. कदाचित नाहीही, खोटं कशाला सांगू?” साहेबांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “तोपर्यंत तुमची म्हैस आहेच की.”

“म्हैस दिली, साहेब.”

“दिली? का?”

“मी हितं आल्यावर तिला कोण बघणार?”

“अहो, मला आधी एक फोन तरी करायचा होता!”

शब्द दिलेल्या माणसाला फोन करून काय विचारायचं, हे चांगूला मांडता आलं नसतं. साहेबांचे कान लाल झाले होते. आतून कोणीतरी हाक मारली तसे ते “थांबा, चहा तरी घ्या,” म्हणत गेले. ते परत आले नाहीत.

मग भोंगा झाला. शेडमधून माणसं बाहेर पडली आणि हसत, एकमेकांना ढकलत एका पत्र्याच्या इमारतीकडे निघाली. ताटांचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

“तेच काय कॅन्टीन?” चांगूने विचारलं.

“तेच. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाय, नाय तर नेला असता तुम्हाला.” जुल्फिकारने केबिनमधलं दुसरं स्टूल पुढे ओढलं. “या, बसा. बायकोनं, शरिफानं, सुकट दिलीय डब्यात. खाता ना?”

“न खायला काय झालं?”

केबिन एवढीशी, दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. जुल्फिकारने तांदळाची भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. “तुमचं एक चुकलं, काका. ही कंपनी हाय. इथं साहेबानं हो म्हटलं की वरच्या साहेबाला विचारायचं. त्यानं हो म्हटलं की त्याच्या वरच्याला. सगळे हो म्हणेपर्यंत माणूस म्हातारा होतो.”

“मी आदीच म्हातारा हाय.”

दोघेही हसले. बऱ्याच दिवसांनी चांगू कोणाबरोबर तरी जेवत होता. सुकट तिखट होती. त्याने भाकरी जरा सावकाशच खाल्ली.

“गेल्यागेल्या म्हैस परत मागा,” जुल्फिकार म्हणाला. “घेणारा काय परका नसंल.”

“दाव्यासकट दिली.”

“मंजे?”

“आमच्याकडं म्हैस दिली तरी दावं देत नायत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आपलं दावं खुंटीला राहतं. उद्या फिरून गोठा भरला तर भरला, असं. मी दावंबी दिलं. म्हणलं, आता गोठा बंदच करायचा.”

जुल्फिकारने डब्यातली उरलेली सुकट चांगूच्या बाजूला सरकवली.

महाडहून एसटीने पोलादपूर, तिथून जीपने उमरठ, आणि पुढे पायवाट. ती वाट खालच्या वाडीतून जात होती, गोदूबाईच्या गोठ्याला लागून. मोगरी आता तिथे होती. दावं हातात घेताना गोदूबाई कुरकुरली होती, “ठेव रे चांगू दावं. रिकामी खुंटी बरी दिसत नाय.” तेव्हा तोच म्हणाला होता, “आता माघारी कशाला मागतोय गो? ने तू.” त्या बोलण्यावर गोदूबाईने पोलादपूरच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला रोजचं दूध कबूल केलं होतं. नवी चरवी आणली होती.

मोगरी मात्र तिला पान्हा सोडत नव्हती. रोज संध्याकाळी चांगूच खाली उतरायचा, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बोलत उभा राहायचा, मग गोदूबाईला धार मिळायची. काल निघताना तो म्हणाला होता, “उद्यापासनं माझी वाट बघू नको. तिला तुझी सवय होऊ दे.”

दिवस कलला होता. टाचा सोलल्यामुळे चांगूने बूट काढून हातात घेतले होते. गोठ्याच्या कुडापाशी तो आला तेव्हा आतून गोदूबाईचा आवाज आला, “सोड गो बाय, सोड. किती रुसशील? तो गेला तिकडं साहेब व्हायला. आता मीच हाय तुला.”

चरवीत काहीच पडत नव्हतं.

चांगू थांबला. एक हाक पुरली असती. गोदूबाईने कपाळावर हात मारून म्हटलं असतं, ने बाबा तुझी तू, आणि दावंही पुढे केलं असतं. ती तशीच होती. हॉटेलवाल्याला काय सांगायचं ते तिचं तिने बघितलं असतं. आपल्यासमोर साहेबांचे कान लाल झाले होते, तसे हॉटेलवाल्यासमोर तिचेही झाले असते.

आत घंटा वाजली. दाव्याला हिसका बसला. मोगरीने अनवाणी पावलं ओळखली असावीत.

“काय झालं गो? हल, नीट उभी राहा!”

चांगू वाटेवरच्या दगडावर टेकला. आवाज न करता त्याने बूट पुन्हा पायांत चढवले. सोललेल्या टाचांवरून बुटाचं कातडं सरकताना त्याने दात आवळले. नाड्या बांधल्या. मग उठला आणि टाचा आपटत चालू लागला. त्या वाटेवर तसं कोणी चालत नसे.

“कोण हाय रे तिकडं?”

तो तसाच टाचा आपटत पुढे गेला.

“कोण तरी परका दिसतोय,” गोदूबाई म्हशीला म्हणाली. “तू कशाला कान टवकारतेस?”

घंटा हळूहळू थांबली. चांगू चढणीला लागला. वरच्या आंब्यापाशी पोचल्यावर तो श्वास धरून उभा राहिला. बराच वेळ काहीच नाही. मग चरवीच्या रिकाम्या बुडावर पहिली धार वाजली. थोड्या वेळाने दुसरी. भांडं भरत गेलं तसा आवाज जाड होत गेला, आणि शेवटी ऐकू येईनासा झाला.

मग त्याने बूट काढले.