वरचा ट्रे

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने ढिगातला अगदी तळाचा ट्रे ओढून काढला. वरचे ट्रे घसरले, एक प्लास्टरचा जबडा घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. तिने तो पोटाने अडवला.

"हो डॉक्टर. शनिवारी सकाळी. नक्की देते."

फोन ठेवून तिने तो ट्रे सगळ्यांच्या वर आदळला. पलीकडे पॉलिशच्या चाकापाशी बसलेल्या वहिनीने चाक थांबवलं.

"आता कोण?"

"कोपऱ्यावरची नवी डॉक्टर. इतकी गोड बोलायची, तीही आज ओरडली."

"आणि शनिवार कुणाकुणाला दिलायस?"

"ते विचारू नकोस."

दातांची ती लॅब म्हणजे घराखालच्या दोन खोल्या. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांची मापं यायची, त्यांवरून ती कॅप आणि कवळ्या बनवायची. कापाकापी, पॉलिश आणि पोहोचवणं वहिनीकडे. एका पेशंटचा एक ट्रे, त्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव नाही, नुसता नंबर. दर सोमवारी सकाळी ती सगळे ट्रे तारखेप्रमाणे नीट लावायची आणि सोमवारी दुपारपर्यंत त्या रचनेचे बारा वाजलेले असायचे. जो ओरडेल त्याचा ट्रे वर जायचा. जो गप्प बसेल तो आपोआप तळाला. नवं काम आलं की मात्र "होऊन जाईल" हे दोन शब्द तिच्या तोंडून तिच्या आधीच बाहेर पडायचे, आणि मग आठवडाभर ती स्वतःच्याच नावाने बोटं मोडायची.

"बाबांच्या कवळीचं काय?" वहिनी म्हणाली.

"आहे माझ्या डोक्यात."

"डोक्यात नको, त्यांच्या तोंडात हवी आहे."

"मला काय दहा हात आहेत?" ती एकदम तडकली. "घरातल्यांनी तरी जरा समजून घ्यावं."

वहिनीने चाक सुरू केलं. घरातले समजून घेत होते, तीच तर पंचाईत होती. बाबांची जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटली, तेव्हा तिने स्वतः माप घेतलं होतं. त्याचा साचा खिडकीत धूळ खात पडला होता. घरच्या कामाला ट्रे कशाला, म्हणून त्याला ट्रे मिळालाच नव्हता.

बाबांची सगळी हयात रेल्वे स्टेशनवर घोषणा करण्यात गेली. गाड्या उशिरा यायच्या, पण घोषणेत बाबांचं एक अक्षरही कधी घसरलं नाही. आता बोलताना ते तोंडावर हात धरत आणि शब्द हाताआड विरून जात. येत्या रविवारी त्यांच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता. भाषण बाबांनीच करायचं असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं, आणि बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं. हे तिला माहीत होतं. माहीत असूनही तिने रविवारच्या आतले सगळे दिवस परक्यांना वाटून टाकले होते.

चरफडतच तिने वरचा ट्रे पुढे घेतला. मापात काल वहिनीने प्लास्टर ओतून ठेवलं होतं, ते आता वाळलं होतं. तिने माप सोडवून वरचा जबडा हातात घेतला आणि सवयीने टाळूवरून अंगठा फिरवला. मधोमध हाडाचा लांबट उंचवटा. डावीकडे, तरुणपणी उपटलेल्या दाढेची खोल खाच.

अंगठा तिथेच थांबला. खिडकीतल्या साच्याशी ताडून बघायची गरजच नव्हती.

पहिल्यांदा तिला रागच आला. घरात लॅब असताना बाबा दवाखान्यात जाऊन बसले? मग कान तापले. तिने डॉक्टरला फोन लावला.

"मघाशी ओरडले त्याबद्दल सॉरी हं," डॉक्टर स्वतःहूनच म्हणाली. "मला नाही हो जमत तसं. त्या आजोबांनीच सांगितलं. म्हणाले, याच लॅबला द्या, तिचा हात फार चांगला आहे. फक्त फोनवर आवाज चढवा, नाहीतर काम तळाला जातं."

"असं म्हणाले?"

"दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. शब्द तोडू नका, शेवट खाली पाडू नका. तोंडात एकही दात नाही, पण शिकवत होते छान. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"आहेत," ती म्हणाली.

वहिनी बघत असतानाच तिने फोन खाली ठेवला, हात धुतले आणि जिना चढून वर गेली.

बाबा टेबलाशी बसून उकडलेला बटाटा चमच्याने दाबत होते. तिला बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आज वेळेवर जेवायला?" हात तोंडावर गेलाच.

"एक घाईचं काम आलंय. रविवारच्या आत हवंय म्हणे."

"हो?" ते बटाट्याकडे बघत राहिले. "ओरडले का?"

"ओरडले. शब्द न तोडता."

चमचा थांबला. बाबांनी वर पाहिलं नाही. पकडलं गेल्यावर लहान मुलं बसतात तसे ते मान खाली घालून बसले, आणि ते पाहून तिला भडभडून आलं.

"बाबा, माझ्यावरच ओरडायचं ना. खाली येऊन एकदा."

"तुझ्यावर?" बाबा म्हणाले. या वेळी त्यांनी तोंडावर हात धरला नाही. "ते नाही जमलं गं मला. म्हणून तर बाहेरचं माणूस गाठावं लागलं."